हॅमस्टर म्हणे ‘विनाकटकट’! कटकट कोणाला, ते तरी सांगा

तिखटमीठ :
पालकांच्या एका गटात काल एक पोस्ट फिरत होती. ‘सुट्टीत मुलांना हॅमस्टर (उंदरासारखा गुबगुबीत छोटा प्राणी) घेऊन द्या. फिरवायला न्यायला नको, भुंकणं नाही, कोपऱ्यात पिंजरा आणि मूठभर दाणे. जोडी घ्या, म्हणजे एकटं वाटणार नाही.’ खाली बदामांचा पाऊस. मी तिथे लिहिलेलं उडवलं गेलं, म्हणून इथे सविस्तर.

जोडी घ्या म्हणे! दुकानात ‘टेडी बेअर’ म्हणून विकतात तो सीरियन हॅमस्टर एकांडा असतो. पाच-सहा आठवड्यांचा झाला की सख्खं भावंडसुद्धा डोळ्यांसमोर नको असतं. रात्री मारामारी होते आणि सकाळी मुलांना काय दाखवायचं हा प्रश्न पडतो. नर-मादी निघाले तर साधारण सोळा दिवसांत पिल्लं. दुकानदाराला दोन्हींतला फरक कळत नाही, किंवा कळून घ्यायचा नसतो.

दुसरं, हा रात्रीचा प्राणी. मूल शाळेतून येतं तेव्हा स्वारी गाढ झोपेत. तशीच उचलली की चावते. मग ‘चावराच निघाला मेला’ म्हणून पिंजरा बाल्कनीत. मे महिन्यात! पिंजऱ्यासोबत येणारं चाक इतकं लहान की धावताना पाठीची कमान होते. सीरियनला दहा-अकरा इंचांचं, मधे दांड्या नसलेलं चाक लागतं. आणि तो मऊ कापूस कृपा करून घालू नका. धागे पायाला गुंडाळतात, गालाच्या पिशवीत अडकतात. कागदाचा लगदा किंवा साध्या टिश्यूच्या पट्ट्या घाला, चांगल्या वीतभर, कारण त्याला बिळं करायची असतात.

साधासरळ :
अति होतंय. आमचा दुकानातल्याच पिंजऱ्यात, दुकानातल्याच चाकावर दोन वर्षं ठणठणीत होता. सगळं मुलीने केलं. तुमच्या यादीप्रमाणे जायचं तर हॅमस्टरला वन बीएचके घेऊन द्यावा लागेल. आमचं लहानपण काड्यापेटीत किडे पाळण्यात गेलं, आम्ही काय क्रूर निघालो का?

तिखटमीठ :
रात्री सळ्या चावायचा का?

साधासरळ :
चावायचा. दातांना धार लावायला. दात आयुष्यभर वाढतात त्यांचे, एवढं आम्हालाही माहीत आहे.

तिखटमीठ :
दातांसाठी लाकडाचा तुकडा पुरतो. रात्र रात्र सळ्या चावणं म्हणजे ‘मला बाहेर काढा’. दोन-तीन वर्षांचं तर त्याचं आयुष्य. तेवढं काढलं म्हणजे मजेत काढलं असं नाही.

राइनकाठचा_कोकणी :
सहमत. इथे जर्मनीत प्राणिप्रेमी मीटरभर लांबीच्या पिंजऱ्याला ‘किमान’ म्हणतात. आपल्याकडे लोक टिफिनच्या डब्याएवढ्या पिंजऱ्यात ठेवतात आणि वर व्हिडिओ काढतात.

साधासरळ :
आले! परदेशातून प्रवचन आल्याशिवाय धागा पुढे सरकत नाही. साहेब, आमच्या हॉलमध्ये मीटरभर मोकळी जागा असती तर आम्ही तिथे आईचा पलंग टाकला असता.

वऱ्हाडी_ठेचा :
चाक-बिक ठीक हाय. आमच्या नागपुरात मे मधी पारा 45 ले टेकते, त्याचं बोला. चोवीस-पंचवीसच्या वर गेलं का हा जीव कासावीस होते, तिशीपुढं तं लू लागाचीच भीती. मागच्या उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली, पाहतो तं गडी आडवा, तोंड ओलं, अंग ढिलं. ओल्या फडक्यावर ठेवला, हळूहळू शुद्धीत आला. थंड पाण्यात बुडवू नका कोणी, शेजारी तेच सांगत होता. कूलरनं दमटपणा वाढते, त्याले ते जमत नाही. एसी नसन तं काय कराव?

श्रावणघेवडा :
माझा साधा प्रश्न. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. मुलाच्या हट्टापायी आणलाय. खाद्याच्या पाकिटावर ‘सुके किडे’ वाचलं आणि परत केलं. ज्वारी, बाजरी, काकडी, सूर्यफुलाच्या बिया एवढ्यावर भागतं ना?

तिखटमीठ :
नाही भागत. तो मिश्राहारी आहे, रानात किडेही खातो. आठवड्यातून एकदोनदा उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा द्या. सूर्यफुलाच्या बिया म्हणजे त्याची भजी, रोज नकोत. बुटक्या जातीचा असेल तर गोड फळंही जपून, त्यांना मधुमेह लवकर होतो.

श्रावणघेवडा :
घरात अंडं येणार नाही. विषय संपला. आमच्याकडे राहायचं तर आमच्यासारखं खायचं.

खेकडा_रस्सा :
का, मुंज लावलीत का त्याची?

श्रावणघेवडा :
वैयक्तिक पातळीवर उतरू नका.

खेकडा_रस्सा :
उतरतोच. ‘आमच्याकडे राहायचं तर आमच्यासारखं खायचं’ हे वाक्य मी तीन बेडरूम बघायला गेलो तेव्हा ऐकलंय. दलाल आधी आडनाव विचारतो, मग ‘मासे वगैरे?’ आणि मग फ्लॅट अचानक ‘गेलेला’ असतो. आता ती नियमावली पिंजऱ्यापर्यंत पोचली!

श्रावणघेवडा :
माझ्या हॅमस्टरचा तुमच्या फ्लॅटशी काय संबंध? स्वतःच्या घरात काय शिजवायचं हा माझा हक्क आहे.

खेकडा_रस्सा :
तुमच्या ताटात काय, तो हक्क. त्याच्या ताटात काय, ते निसर्गाने ठरवलंय. झेपत नसेल तर ससा पाळायचा होता. शुद्ध गवत खातो, सोसायटीही खूश.

मावळतीचे_ऊन :
मी पण शाकाहारी आहे, पण मांजराला मासळी घालते. पिशवी वेगळी, भांडं वेगळं. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं, आता त्याच बाजारवाल्याशी घासाघीस करतात. धर्म बुडाला नाही.

श्रावणघेवडा :
ज्याची त्याची श्रद्धा. मला शिकवू नका.

जुनं_खोड :
भांडणाच्या मध्ये एक अवांतर. 1930 साली सीरियातल्या अलेप्पो शहराजवळच्या शेतातून प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहरोनी यांनी खणून काढलेली एक मादी आणि तिची पिल्लं, त्यांतल्या उरलेल्या मोजक्यांपासून आजचे बहुतेक सगळे पाळीव सीरियन हॅमस्टर झाले. सॉल अ‍ॅडलर या शास्त्रज्ञाला ते हवे होते लीशमॅनिया जंतूच्या अभ्यासासाठी. म्हणजे आपल्या बिहार-बंगालला वर्षानुवर्षं छळलेला काळा आजार याच जंतूच्या कुळामुळे होतो. प्रयोगशाळेतून हा प्राणी दिवाणखान्यात आला. आणि वाटेत पिल्लं बिळातून काढल्यावर घाबरलेल्या आईने एक पिल्लू मारलं होतं. घाबरलेल्या हॅमस्टरला सारखं हाताळू नका, असं जे सांगतात ते उगाच नाही.

साधासरळ :
आजोबा, छान माहिती, पण इथे अंड्यावर रणकंदन चालू आहे.

तिखटमीठ :
श्रावणघेवडा, अंडं नको तर बिनमिठाचं टोफू किंवा शिजवलेले हरभरे थोडे थोडे द्या, आणि सोयाबीन असलेल्या गोळ्यांचं खाद्य मिळतं ते मुख्य ठेवा. निदान नुसत्या काकडीवर ठेवू नका.

माझा खरा राग वेगळाच आहे. मी आणलेल्या पहिल्या पिल्लाला दुसऱ्याच दिवशी जुलाब, शेपटीखालचा भाग ओला. जवळच्या दवाखान्यात म्हणाले, ‘आम्ही कुत्री-मांजरी बघतो.’ ज्या डॉक्टरांनी बघितलं ते शहराच्या दुसऱ्या टोकाला. पोचेपर्यंत उशीर झाला होता. या आजारात दोन-तीन दिवसही हातात नसतात. दुकानदार म्हणाला, दुसरं घेऊन जा, पैसे नको. 2018 पासून पाळीव प्राण्यांच्या दुकानांना राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे. त्याच्या भिंतीवर फक्त लिंबू-मिरची होती.

साधासरळ :
हे वाईट झालं. पण तपासणीची फी प्राण्याच्या किमतीच्या दुप्पट असते, हेही लिहा ना. चारशेच्या जिवासाठी आठशे कोण देणार? मी नाही म्हणालो असतो, खोटं का बोलू.

मावळतीचे_ऊन :
मग मुलीला काय सांगितलं असतं?

साधासरळ :
तो माझ्या घरचा प्रश्न. असो. परत घेतलाच तर चाक मोठं घेईन, तुमच्या सगळ्यांच्या आत्म्याला शांती म्हणून. पिंजरा आहे तोच राहील.

श्रावणघेवडा :
टोफूचं बघते. तिखटमीठ यांनी सांगितलं म्हणून, खेकड्याने टोमणे मारले म्हणून नव्हे. आणि फ्लॅटचे नियम मी लिहिलेले नाहीत.

खेकडा_रस्सा :
सोसायटीच्या सभेत हात मात्र वर केला असणार.

श्रावणघेवडा :
संपादक, हे बघाल का?

वऱ्हाडी_ठेचा :
फ्लॅटचं आटोपलं असन तं माह्या प्रश्नाचं कोणी सांगा न भाऊ. लाइट गेल्यावर काय कराव?

तिखटमीठ :
पिंजरा उत्तरेकडच्या खोलीत, खाली जमिनीवर. आत शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा, तो स्वतःच त्यावर पोट टेकून पसरतो. बर्फ झालेली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्याच्या बाहेरून एका बाजूला टेकवा, म्हणजे नको असेल तेव्हा त्याला लांब जाता येईल. पंख्याचा झोत थेट अंगावर नको. आणि त्याच्या पिण्याच्या बाटलीच्या नळीतली गोळी अडकलेली नाही ना, ते रोज बोटाने बघा.