मदत हवी आहे: वडिलांच्या ठेवींसाठी न्यायालयात आईने स्वतः अर्ज करावा का, आणि नेमका कोणता?

नमस्कार.

माझ्या वडिलांचे गेल्या वर्षी निधन झाले. ते सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी राहत होते, परंतु नोकरी पुण्यात झाल्यामुळे त्यांच्या मुदत ठेवी तेथील एका बँकेत आहेत. पावत्यांवर वारसदार (नॉमिनी) म्हणून नाव आहे ते माझ्या आजीचे. वडिलांच्या अकरा वर्षे आधी आजी वारली आणि ते नाव बदलून घ्यायचे राहून गेले. आईने गावच्या वारस नोंदीचा फेरफार बँकेत दाखवला, तेव्हा तो चालणार नाही, कोर्टाचा वारस दाखला आणा, असे तोंडी सांगण्यात आले.

त्यानुसार कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून अर्ज लिहून घेऊन मी आईला दोन वेळा न्यायालयात नेले. पहिल्या खेपेस खिडकीवर "वकील करा, तुम्हाला जमणार नाही" एवढेच उत्तर मिळाले. दुसऱ्या खेपेस अर्ज ठेवून घेतला गेला आणि तासाभराने परत आला, मागच्या पानावर पेन्सिलीने तीन ओळी लिहिलेल्या होत्या: "कागदांची यादी नाही. वारसांचे वय व पूर्ण पत्ते नाहीत. रकमेचा तपशील नाही." आई त्या वेळी बाकावर पावत्यांची प्लास्टिकची पिशवी मांडीवर धरून बसली होती. तिने मला विचारले, "हे आपल्याच पैशांसाठी आहे ना रे?" तिला समजेल असे उत्तर मला देता आले नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

वारस दाखला आणि सक्सेशन सर्टिफिकेट ही एकाच कागदाची दोन नावे आहेत की दोन निराळे कागद आहेत? अर्ज गावाकडच्या न्यायालयात करायचा की ठेवी पुण्यात आहेत म्हणून पुण्यात? मी पुण्यात नोकरी करतो. आईचे वय अडुसष्ट आहे आणि तिला गुडघ्यांचा त्रास आहे, तेव्हा मुखत्यारपत्र घेऊन तिच्या वतीने मीच उभा राहिलो तर चालेल का? माझी बहीण मस्कतला असते, तिची संमती कशी द्यायची? एका वकिलांनी मिळणाऱ्या रकमेच्या दहा टक्के फी सांगितली आहे. ती आम्हाला परवडणारी नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

मी दिवाणी न्यायालयात लिपिक म्हणून अनेक वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. आपल्या मातोश्रींना परत पाठवले गेले याचे मनापासून वाईट वाटले. पक्षकाराला स्वतः हजर राहून अर्ज दाखल करण्याचा अधिकार दिवाणी प्रक्रिया संहितेने दिलेला आहे आणि वकील नाही या एकाच कारणाने अर्ज नाकारता येत नाही.

आधी कागद कोणता ते ठरवा. गावचा फेरफार जमिनीच्या नोंदीपुरता असतो. न्यायालयाचा वारस दाखला 1827 च्या मुंबई विनियमाखाली मिळतो आणि त्यात वारस कोण एवढेच ठरते. बँकेतील ठेवींसारखे येणे वसूल करण्यासाठी असते ते भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 खालील उत्तराधिकार प्रमाणपत्र, म्हणजेच सक्सेशन सर्टिफिकेट. ते पाहून बँकेने रक्कम दिली की बँकेवर पुढे जबाबदारी राहत नाही, म्हणून बँका बहुधा तेच मागतात. कोणते हवे हे बँकेकडून लेखी घ्या आणि त्याच वेळी प्रत्येक ठेवीचा क्रमांक व आजवरच्या व्याजासह रक्कम दाखवणारे पत्रही मागा. पेन्सिलीने लिहिलेली तिसरी त्रुटी त्या पत्राने दूर होईल.

अर्ज वडील मृत्यूसमयी जेथे कायम राहत होते तेथील न्यायालयात करायचा, म्हणजे आपल्या बाबतीत सातारा जिल्ह्यातच. प्रमाणपत्र भारतभर चालते, त्यामुळे पुण्याच्या बँकेला हरकत घेता येणार नाही. मृत्यूची तारीख, राहण्याचे ठिकाण, सर्व वारसांची नावे, वये व पत्ते आणि येणे रकमांचे परिशिष्ट अर्जात असलेच पाहिजे. मूळ पावत्या पहिल्याच दिवशी देऊन टाकू नका. साक्षांकित प्रती यादीसह लावा आणि मूळ कागद दाखवण्यासाठी जवळ ठेवा. अर्ज नोंदला गेला की सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रकरणाचा ओळख क्रमांक) मागून घ्या, म्हणजे पुढची तारीख ई-कोर्ट्स ॲपवर घरबसल्या दिसेल आणि आईंची एखादी तरी खेप वाचेल.

मुखत्यार म्हणून आपण कागद दाखल करू शकता, परंतु न्यायालयाच्या परवानगीशिवाय युक्तिवाद करू शकत नाही. शिवाय जबाब शक्यतो आईंचाच व्हावा. बहिणीचे संमतीचे प्रतिज्ञापत्र मस्कतच्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून मागवा.

आता फीविषयी. निकालावर अवलंबून असलेली किंवा मिळणाऱ्या रकमेतील हिश्शाची फी ठरवण्यास बार कौन्सिलच्या (वकिलांच्या नियामक संस्थेच्या) नियमांनुसार मनाई आहे, तेव्हा तो प्रस्ताव सरळ नाकारा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि या मदतीत कोर्ट फीचाही समावेश होतो. उत्तराधिकार प्रमाणपत्राला रकमेनुसार कोर्ट फी लागते, म्हणून आपल्यासाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे. ही मदत देणाऱ्या तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय बहुतेक ठिकाणी न्यायालयाच्या आवारातच असते. खिडकीवर जाण्याआधी तेथे जा, आईंच्या सहीचा साधा अर्ज द्या आणि पोच घ्या. अडचण आली तर विधी सेवा प्राधिकरणाच्या 15100 या मदत क्रमांकावर फोन करा.

बँकेचे पत्र आले की खाते क्रमांक व नावे झाकून त्यातील मजकूर येथे द्यावा. परिशिष्ट कसे मांडायचे ते मी लिहून देईन.