फ्लॉइड, येस, जेनेसिसच्या पुढे प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये काय ऐकावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी मिरजेचा, नोकरी सांगलीत. लहानपणापासून तबला शिकलो, आणि दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारं गाणं रात्र-रात्र बसून ऐकलंय. प्रोग्रेसिव्ह रॉकची, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकची, गोडी कॉलेजात लागली. पिंक फ्लॉइड, येस, जेनेसिस, किंग क्रिमसन, जेथ्रो टल, ईएलपी (एमर्सन, लेक अँड पामर) या बँडचं सत्तरच्या दशकातलं काम बऱ्यापैकी ऐकून झालंय. त्यापुढे कुठे वळायचं, ते विचारायला हा धागा काढतोय.

नेटवर 'हे शंभर अल्बम ऐकायलाच हवेत' छापाच्या याद्या ढिगाने आहेत. पण कोणता अल्बम कुठल्या कानाला रुचेल, ते त्यातून कळत नाही. म्हणून मला नेमकं काय आवडतं ते आधी सांगतो.

किंग क्रिमसनच्या 'रेड' (१९७४) मधलं शेवटचं 'स्टारलेस' घ्या. बारा मिनिटांचं आहे. शब्द संपतात आणि बास गिटार १३ मात्रांचं आवर्तन धरतो. त्यावर रॉबर्ट फ्रिप गिटारवर एकच स्वर वाजवत राहतो, कितीतरी वेळ. मग हळूच वर सरकतो आणि तिथेच मुक्काम करतो. ड्रमर बिल ब्रुफर्ड सुरुवातीला जवळजवळ काहीच वाजवत नाही, मधूनच एखादा ठोका टाकतो. आवर्तन तेच, ताण मात्र चढत जातो. पुढे लय दुप्पट होते, सॅक्सोफोन सुटतो आणि अगदी शेवटी सुरुवातीची धून परत येते. मी हे हातावर मात्रा मोजत ऐकतो आणि त्या धुनेपाशी दर वेळी अंगावर काटा येतो. विलंबित ख्यालात बढत होताना जे मिळतं, तेच मला इथे मिळतं. जेनेसिसच्या 'सपर्स रेडी'मधला ९ मात्रांचा भागही याचसाठी आवडतो. खाली ३-२-४ असा ठेका पक्का चाललेला आणि वर टोनी बँक्सचा ऑर्गन आपल्याच चालीने फिरतोय.

उलट, नुसता वेग आणि घडोघडी बदलणारा ताल माझ्या पचनी पडत नाही. प्रोग्रेसिव्ह मेटलमधले वादक कमालीचे तयारीचे आहेत, त्याबद्दल दुमत नाही. पण तिथे मला दम खायला जागा सापडत नाही. रचना वीस मिनिटांची असेल तर त्या वीस मिनिटांत काहीतरी वाढलं पाहिजे, एवढीच माझी मागणी.

दुसरी ओढ मेलोट्रॉन या पट्ट्यांच्या वाद्याची. त्याच्या प्रत्येक पट्टीमागे चुंबकीय फितीचा एक तुकडा असतो. पट्टी दाबली की फीत हेडवरून सरकते आणि आधी रेकॉर्ड करून ठेवलेला व्हायोलिनचा, बासरीचा किंवा गायकवृंदाचा स्वर वाजतो. फीत जेमतेम आठ सेकंदांची. ती संपायच्या आत बोट उचलावंच लागतं, नाहीतर स्वर तिथेच तुटतो. त्या फितीच्या चालीतली किंचितशी थरथर स्वरात उतरते. ती ज्या ज्या अल्बममध्ये असेल ते सगळे मला ऐकायचेत.

स्वतःहून थोडी शोधाशोध केली आहे. कॅमलचे 'मिराज' (१९७४) आणि 'मूनमॅडनेस' (१९७६) फार आवडले. अँड्र्यू लॅटिमर गिटार गायल्यासारखी वाजवतो. जेंटल जायंटचा 'ऑक्टोपस' (१९७२) ऐकला, पण एका वेळी इतके धागे चालू असतात की अजून पकड आलेली नाही. फ्रान्सच्या मॅग्माचं काय करायचं, तेच समजेना.

आता विचारायचं ते असं. इटलीत सत्तरच्या दशकात या संगीताचं मोठं पीक आलं होतं म्हणतात, तिथे पाऊल कुठून टाकावं? इंग्लंडमधल्या कँटरबरीच्या बँडपैकी आधी कोण? आणि एक वेगळंच: माझ्या घराजवळ तंबोरे बनवणारे कारागीर आहेत. जवारी लावताना घोडी घासायची, तारेखाली सुताचा धागा सरकवून बघायचा, पुन्हा घासायची, असं करत करत षड्ज उमलतो, ते बघतच मी वाढलो. तंबोऱ्याचा असा अखंड स्वर ज्यांनी मनापासून वापरलाय, नुसता पौर्वात्य रंग म्हणून शिंपडलेला नाही, असं कोणी आहे का?

प्रतिसाद १

'स्टारलेस' आवडत असेल तर पहिलं नाव व्हॅन डर ग्राफ जनरेटर हा बँड. अल्बम 'पॉन हार्ट्स' (१९७१). इथे गिटारचं राज्य नाही. ह्यू बँटनचा ऑर्गन, डेव्हिड जॅक्सनचा सॅक्सोफोन आणि पीटर हॅमिलचा गळा. बासही बँटन ऑर्गनच्या पायपट्ट्यांवर वाजवतो. फ्रिप पाहुणा म्हणून आहेच. एलपीची अख्खी दुसरी बाजू म्हणजे दीपगृहाच्या एकट्या राखणदाराची एक रचना, तेवीस मिनिटांची. हॅमिल कुजबुजतो, ओरडतो, आवाज फाटू देतो. पहिल्यांदा कर्कश वाटेल, पण सोडू नका.

इथूनच इटलीला रस्ता जातो. 'पॉन हार्ट्स' इटलीत पहिल्या क्रमांकावर होता. पुढे ले ओर्मे या इटालियन बँडच्या 'फेलोना ए सोरोना'ला (१९७३) हॅमिलनेच इंग्रजी शब्द लिहिले. एक उजळ ग्रह आणि एक अंधारा, अशी त्याची कथा आहे. पण तुम्ही मूळ इटालियनच ऐका, त्या भाषेचे स्वर या चालींत चपखल बसतात. पीएफएम, म्हणजे प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी, यांचंही तसंच. त्यांच्या इंग्रजी अल्बमसाठी किंग क्रिमसनचे गीतकार पीट सिनफील्ड यांनी शब्द दिले, तरी माझी पसंती 'पेर उन आमिको'ला (१९७२). तुमची मेलोट्रॉनची तहान तिथे भागेल.

प्रतिसाद २

याद्यांपेक्षा माणसांचा माग काढत जा, असं सुचवेन. कॅमल आवडला ना? मग रिचर्ड सिंक्लेअरला धरा. १९७७ च्या 'रेन डान्सेस'मध्ये कॅमलचा बास त्याचा. त्याआधी तो हॅटफील्ड अँड द नॉर्थमध्ये होता आणि त्याच्याही आधी कॅराव्हॅनमध्ये. हे दोन्ही तुम्ही विचारलेल्या कँटरबरीचे बँड. कॅराव्हॅनच्या 'इन द लँड ऑफ ग्रे अँड पिंक'पासून (१९७१) सुरुवात करा. दुसऱ्या बाजूला एकच रचना आहे, बावीस मिनिटांहून मोठी, आणि तिचा कणा म्हणजे डेव्हिड सिंक्लेअरचा ऑर्गन. कुठेही घाई नाही. मग हॅटफील्डचा 'द रॉटर्स क्लब' (१९७५). तो जॅझकडे झुकतो, तबलजीला मजा येईल.

मॅग्माबद्दल: शब्दांचा अर्थ शोधू नका. कोबायन ही भाषा ड्रमर क्रिस्तियान वांदेरनेच तयार केली आहे. तराणा ऐकतो तसं ऐका, बोल तालासाठी आहेत असं समजून. 'मेकानिक देस्त्रुक्तिव्ह कोमांदोह' (१९७३) रात्री दिवे मालवून, मोठ्या आवाजात.

प्रतिसाद ३

तंबोऱ्यासाठी जर्मनीचा पोपोल वू हा बँड. 'होसियाना मंत्र' (१९७२). त्यातल्या फ्लोरियान फ्रिकेकडे त्या काळी मोठा मूग सिंथेसायझर होता. या अल्बमसाठी त्याने तो बाजूला ठेवला आणि पियानोवर बसला. सोबत ओबो, गिटार, जोंग युनचा गळा आणि खाली तंबोरा. ड्रम्स नाहीतच. याला रॉक म्हणावं का, यावर वाद घालणारे घालोत.

आपल्याकडचं हवं असेल तर मुंबईच्या कोशिशचा 'फिरदौस' (२०१३), हिंदीत. आणि कर्नाटक संगीतावर उभा असलेला बंगळुरूचा आगम.

एक व्यवहारी सूचना. अ‍ॅपवर ऐकत असाल तर शफल (गाण्यांचा क्रम उलटसुलट करणं) आणि क्रॉसफेड (एक गाणं पुढच्यात मिसळणं) दोन्ही बंद ठेवा. या रचना एलपीच्या एका बाजूत मावतील अशा बेताने बांधलेल्या आहेत, साधारण वीस-बावीस मिनिटं. मध्येच जाहिरात आली की सगळा ताण निघून जातो.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार! 'होसियाना मंत्र' लगेच लावला. गिटार त्या षड्जावर अलगद येऊन टेकते, तंबोऱ्याला झाकत नाही. हेच शोधत होतो. आईनेही बसून पूर्ण ऐकला आणि ओबो सुरू झाल्यावर "हे सनईच्या घराण्यातलं दिसतंय" म्हणाली.

'पॉन हार्ट्स' अजून रुळलेला नाही, पण दीपगृहाची रचना डोक्यातून जात नाहीये. ऑर्गनवर बास असल्यामुळे खालचा सूर सलग धरून राहतो, गिटारच्या बाससारखा विरत नाही. बहुधा त्यामुळेच मला ती जवळची वाटतेय. माणसांचा माग काढायची कल्पना तर एकदम पटली. सिंक्लेअरच्या मागे निघालोच आहे, कॅराव्हॅन आज रात्री.

आता एकच शंका. इटलीच्याच बांको देल मुतुओ सोक्कोर्सोचं नाव वाचनात येतंय. त्यांचा पहिला अल्बम आधी घ्यावा की थेट 'डार्विन!'? ज्यांनी दोन्ही ऐकलेत त्यांनी जरूर सांगा. आणि सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यात कुणाकडे या इटालियन मंडळींच्या एलपी असतील तर निरोप टाका. माझ्याकडे चालू स्थितीतला टर्नटेबल आहे, रविवारी मिळून ऐकू.