बारावी सायन्सनंतर आर्किऑलॉजीत जायचंय, पदवी कशात घेऊ?

खापरवेडा (कळंब, धाराशिव):
नमस्कार मंडळी. बारावी सायन्सला आहे, बायोलॉजी घेतलंय. आमच्या गावाला लागून पांढरीचं (जुन्या वस्तीच्या मातीचं) टेकाड आहे, लोकं ट्रॅक्टरनं तिथली माती शेतात नेऊन टाकतात आन् पाऊस पडला की खापरं, मणी, बांगड्यांचे तुकडे उघडे पडतात, मी लहानपणापासून गोळा करतोय, डबा भरलाय. तेरच्या लामतुरे म्युझियममधे तसलीच खापरं काचेत ठेवलेली बघितली तवापासून डोक्यात हेच आहे. वडील म्हणतात परभणीला बीएस्सी अ‍ॅग्री कर. मी आर्ट्सला जाऊन हिस्ट्री घेऊ का? का सायन्स सोडलं तर पस्तावा होईल?

जिओलॉजीवाली ताई:
सायन्स अजिबात सोडू नको. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आर्किऑलॉजीचं एमए कुठल्याबी शाखेच्या पदवीवर करता येतं, म्हणजे खरा कोर्स पदवीनंतरच सुरू होतो, आधीची तीन-चार वर्षं तू काय शिकून येतोस ते महत्त्वाचं. जिओलॉजी असेल तर मातीचे थर, दगडी हत्यारं कळतात. बॉटनी असेल तर जळके दाणे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला १९६८ ते ८३ खोदकाम चाललं, तिथले साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे लोक जव पिकवायचे हे अशा जळक्या दाण्यांवरूनच कळलं. म्हणून वडलांचं अ‍ॅग्री पण एवढं वाईट नाही बरं का, त्यात मातीचा अभ्यास असतोच, पीक ओळखता येतं. घरात भांडण करण्यापेक्षा हा मार्ग बघ.

अंबाजोगाईकर:
ताईंचं बरोबर आहे पण सगळे लॅबकडंच पळाले तर वाचणार कोण? पितळखोऱ्याच्या लेणीत पैठणच्या अत्तरवाल्यानं दान दिल्याचा लेख आहे, ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. परंडा, औसा, उदगीर, नळदुर्ग कुठल्याबी किल्ल्यावर जा, फारसी लेख दिसतील आन् शेजारी उभं राहून सेल्फी काढणारे शंभर, वाचणारा एक नाही. पदवी कशातबी घे पण ब्राह्मी आत्तापासूनच गिरव, रोज अर्धा तास लई झालं. आपल्या भागात फारसी वाचणाऱ्या पोराला काम कमी पडणार नाही असं मला तरी वाटतं.

कॉन्ट्रॅक्टवाला:
सगळं गोड गोड चाललंय म्हणून कडू मी सांगतो. परमनंट जागा लई कमी, पुरातत्त्व खात्याच्या जाहिराती कधी निघतील ते देवाला ठाऊक, तोवर प्रोजेक्टवर कॉन्ट्रॅक्टनं काम. मी एका साईटवर होतो तिथं उन्हात खड्ड्यात बसून ब्रशनं माती काढायची आन् पगाराची वाट बघायची. एमएनंतर नेट (यूजीसीची परीक्षा) दे, नेटला आर्किऑलॉजी वेगळा विषय आहे, जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाली तर पीएचडीची चिंता मिटते. ग्रेटर नोएडाला एएसआयची (केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची) इन्स्टिट्यूट आहे, तिथला पीजी डिप्लोमा पण बघून ठेव. घरच्यांना हे सगळं आधीच सांग, लपवू नको.

खापरवेडा:
लई आभार सगळ्यांचे. वडलांना ताईंची पोस्ट वाचून दाखवली, अ‍ॅग्रीचं नाव ऐकून खूश झाले, पुढचं ऐकलंच नाही त्यांनी 😄 आन् त्या डब्याचं काय करू? टेकाडात अजून खाली खणून बघायची लई इच्छा होते.

जिओलॉजीवाली ताई:
खणायचं नाही! लायसन्स नसताना खणणं कायद्यात बसत नाही, आन् थर मोडला की तिथली माहिती कायमची गेली. वर पडलेलं दिसलं तर जागेवरच फोटो घे, मोबाईलवर लोकेशन नोंद कर. डब्यातल्या खापरांवर कुठून उचलली ते आठवेल तसं लिहून वेगवेगळ्या पुड्या कर, सरमिसळ झालेल्या खापरांना कुणी विचारत नाही. आन् नाण्यांचं गाडगं वगैरे सापडलं तर ते लगेच तुझं होत नाही, १८७८ च्या कायद्यानं दहा रुपयांवरचं गुप्तधन कलेक्टरला कळवावं लागतं.