आवाज मागे पडतो, कारण हेडफोन चुकीच्या हेडवर आहे

तुणतुणं आधी भरून त्यावर गोंधळ्यांचा आवाज चढवला की तो मागे पडतो, असं तुम्ही लिहिलंय. त्यात गाणाऱ्याची चूक नाही. तीन हेडच्या रीळ मशीनमध्ये टेप आधी रेकॉर्ड हेडवरून (आवाज टेपवर भरणारा भाग) जाते, मग प्ले हेडवरून (भरलेला आवाज वाजवणारा भाग). गाणारा प्ले हेडवरचं तुणतुणं ऐकून गातो, पण त्याचा आवाज रेकॉर्ड हेडवर भरला जातो. दोन्हींत ४ सेंमी अंतर आणि वेग सेकंदाला १९ सेंमी धरा: सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याचा फरक! संबळाच्या ठेक्यात तो लगेच खटकतो.

जुन्या ट्रॅकला (टेपवर आधी भरलेल्या पट्टीला) 'सिंक'वर टाका, म्हणजे तो रेकॉर्ड हेडवरूनच वाजेल. थोडा दबका ऐकू येईल, पण ते फक्त गाणाऱ्यासाठी. शेवटचं मिक्सिंग प्ले हेडवरूनच करा.

आणखी एक. तीन ट्रॅक चौथ्यावर उतरवून जागा मोकळी करणार असाल, तर संबळ त्यात घालू नका. दर उतरवणीला टेपची खरखर वाढते, थापेची धार जाते. आम्ही नांदेडला तुणतुणं, झांज आणि झिलकऱ्यांचा (मागून साथ गाणाऱ्यांचा) आवाज एकत्र उतरवला, संबळ शेवटी वेगळ्या ट्रॅकवर घेतला. झांज मात्र कमीच ठेवा. एकदा उतरवलेली पातळी नंतर सुटी करता येत नाही.