मदत हवी आहे: .२२ पिस्तुलाची ग्रिप हातात नैसर्गिक वाटत नाही

मांडवीकाठ
नमस्कार मंडळी. १० मीटर एअर पिस्तुलावरून आता २५ मीटर स्पोर्ट पिस्तुलाकडे वळले आहे. पिस्तूल सेमी-ऑटोमॅटिक .२२, अक्रोडाच्या लाकडाची अ‍ॅनाटॉमिकल ग्रिप (हाताच्या आकाराला कोरलेली मूठ), मीडियम मापाची. उजवा हात, अंगठा सोडून तळहाताची रुंदी ७.८ सेंमी. अडचणी तीन. प्रिसिजनमध्ये (सावकाश नेम धरून मारायच्या फेरीत) गोळ्या खाली डावीकडे जातात. रॅपिडमध्ये (झटपट फेरीत) हात वर येतो तेव्हा फ्रंट साइट (नळीच्या टोकाची माशी) मागच्या साइटच्या नॉचमध्ये (खाचेत) डावीकडे चिकटलेली दिसते. आणि अर्ध्या तासात करंगळी बधिर होते. थेट कानस लावू का? घराजवळ एक चांगला मेस्त (सुतार) आहे, त्याच्याकडे देऊ का? चवथीनंतर स्पर्धा आहे.

डिचोलीकर
कानस आधी खाली ठेवा, ताई. घासलेलं लाकूड परत येत नाही. तुमच्या तीनपैकी निदान एका तक्रारीचा लाकडाशी संबंध नसावा.

एअर पिस्तुलाला ट्रिगरचं किमान वजन ५०० ग्रॅम, स्पोर्ट पिस्तुलाला १००० ग्रॅम, म्हणजे थेट दुप्पट. ५०० ची सवय असलेली तर्जनी अडकते आणि मदतीला अख्खी मूठ आवळली जाते. करंगळी, अनामिका आवळल्या की नळी खाली आणि डावीकडे ओढली जाते. खाली-डावीकडच्या गोळ्यांचं सर्वात नेहमीचं कारण हेच. तपासायचं असेल तर मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने रिकामं पाहा, आणि पिस्तुलात ड्राय फायरची (गोळीविना ट्रिगर ओढण्याची) सोय असेल तर कोऱ्या भिंतीकडे २० वेळा ट्रिगर ओढा. (सोय नसेल तर रिमफायरला (.२२ सारख्या, काडतुसाच्या कडेवर पिन आदळणाऱ्या पिस्तुलाला) तसं करू नका, फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आदळते.) ट्रिगर सुटताना फ्रंट साइट हलली, तर दोष बोटांचा आहे.

दाब कसा हवा: मधलं बोट आणि अनामिका ग्रिपला सरळ मागे, तळहातात ओढतात. बाजूने आवळायचं नाही. करंगळी नुसती टेकलेली, अंगठा झोपलेला. मूठ हळूहळू घट्ट करत न्या, फ्रंट साइट थरथरू लागली की जरासं मागे या. तो दाब गोळी सुटून हात परत स्थिर होईपर्यंत बदलायचा नाही. एअरपेक्षा थोडा जास्तच लागतो, कारण इथे धक्का आहे आणि पुढची गोळी वाट पाहत असते.

काळा_ठिपका
वरच्याशी सहमत, पण फ्रंट साइट डावीकडे दिसते तो खरा ग्रिपचा प्रश्न आहे, तो बोटांवर ढकलू नका.

पिस्तूल रिकामं असताना डोळे मिटून हात ४५ अंशांवरून वर आणा, मग डोळे उघडा. दहा वेळा करा आणि लिहून ठेवा. साइट एकमेकींशी जुळलेल्या पण लक्ष्याच्या बाजूला असतील, तर पाय हलवा. फ्रंट साइट नॉचमध्येच सरकलेली असेल, तर पाय कितीही फिरवून उपयोग नाही, तिथे मनगट आणि ग्रिप यांचा कोन चुकतोय. हा फरक न ओळखता लोक महिनाभर उभं राहण्याची जागा बदलत बसतात.

ग्रिप धरायचा क्रम असा: डाव्या हाताने पिस्तूल नळीकडून धरा, उजव्या हाताची अंगठा-तर्जनीची बेचकी मागच्या कमानीत जितकी वर जाईल तितकी बसवा, मग बोटं गुंडाळा. बेचकी खाली राहिली की नळीचा अक्ष हातापासून वर जातो आणि धक्क्याला तोंड जास्त उडतं. वरून पाहिलं तर बेचकी, मनगट आणि साइट एका रेषेत हव्यात.

आता दुरुस्ती. थेट पुट्टी नको. कापडी चिकटपट्टीचे दोन थर ग्रिपच्या मागच्या उजव्या अंगाला, जिथे अंगठ्याखालची गादी टेकते तिथे लावा. मागची बाजू डावीकडे ढकलली जाते, तोंड उजवीकडे येतं. उलटा परिणाम दिसला तर जागा चुकली, पट्टी सोडवून हलवा. फ्रंट साइट खाली दिसत असेल तर पट्टी पाठीच्या तळाशी, वर दिसत असेल तर बेचकीच्या लगेच खाली. १९२० च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या १९११ पिस्तुलाची पाठ खालच्या बाजूला फुगीर केली ती याच कारणाने, नेम खाली जायचा म्हणून.

मांडवीकाठ
पट्टी लावून पाहिली, डावीकडचं बरंच सुधारलं. करंगळीचं मात्र तसंच.

डिचोलीकर
पाम रेस्ट (तळहाताच्या कडेखालचा सरकता आधार) किती घट्ट आहे? हात ग्रिपमध्ये असताना त्याच्या आणि तळहाताच्या कडेमध्ये पोस्टकार्ड सरकायला हवं. करंगळीकडच्या गादीतून जाणारी नस तिथे दाबली गेली की करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येतात. स्क्रू सैल करून एक-दोन मिलिमीटर खाली घ्या. घट्ट रेस्टमुळे पहिल्या पाच गोळ्या छान वाटतात, म्हणून लोक फसतात.

आणि तर्जनी लाकडाला टेकते का, तेही पाहा. बोट आणि ग्रिप यांच्यात दोन-तीन मिलिमीटर मोकळी फट दिसली पाहिजे. टेकत असेल तर ट्रिगर ओढताना लाकूडही ढकललं जातं. फक्त इथे कानस चालेल.

फोंड्याचा_मिस्त्री
घासायचंच तर तळहाताला लिपस्टिक लावून ग्रिप धरा, डाग उमटतात तिथेच दाब आहे. अर्धगोल कानशीने अर्ध्या मिलिमीटरहून जास्त एका वेळी काढू नका, मग १२० आणि २२० चा पॉलिश पेपर. अक्रोडाची धूळ नाकात जाते, तोंडाला रुमाल बांधा.

पट्टीची जागा पक्की झाली की एपॉक्सी पुट्टी. दोन्ही भाग सारखे मळा, हाताला प्लॅस्टिकचा पातळ कागद गुंडाळा, नेहमीच्या दाबाने धरा आणि आकार टिकेपर्यंत हलू नका. २४ तासांनी घासा.

मेस्ताकडे फक्त सुटं केलेलं लाकूड न्या. लायसन्सचं हत्यार दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही, पाच मिनिटांसाठीही नाही.

नियमही विसरू नका: पाम रेस्ट ग्रिपशी ९० अंशांपेक्षा कमी कोनात नको, मनगटाला कसलाही आधार नको, अंगठा मोकळा वर उचलता आला पाहिजे, पिस्तूल ३०० × १५० × ५० मिमी पेटीत बसलं पाहिजे. पुट्टी लावून ग्रिप जाड झाली की ५० मिमीलाच अडकतं, तेव्हा स्पर्धेआधी मोजून घ्या.

काळा_ठिपका
एक राहिलं. सध्या श्रावणातली दमट हवा आहे, लाकूड फुगलेलं असतं. आता बेताची घट्ट वाटणारी ग्रिप डिसेंबरात सैल होते. मोठी घासाई दसऱ्यानंतर करा, तोवर पट्टीवरच चालवा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, आणि प्रत्येक सिरीजआधी हात पंच्याने पुसून टाल्कम पावडर.

मांडवीकाठ
रेस्ट दीड मिलिमीटर खाली घेतला, करंगळी जागेवर आली. तर्जनी खरंच टेकत होती, तेवढंच घासलं. बाकी लाकूड मेस्ताच्या नजरेला अजून पडलेलं नाही.