‘नादी लागणे’ आणि ‘मुठीत ठेवणे’: ‘कल्ट’ला मराठी शब्द कोणता?

‘कल्ट’साठी, म्हणजे एकाच नेत्याच्या पूर्ण ताब्यात गेलेल्या समूहासाठी, ‘पंथ’, ‘संप्रदाय’ आणि ‘बुवाबाजी’ असे तीन मराठी शब्द सुचवले जातात. पहिले दोन मला पटत नाहीत. वारकरी, नाथ, महानुभाव यांच्याविषयी आपण हेच शब्द आदराने वापरतो, आणि त्यांच्यामागे ‘विघातक’ असे विशेषण जोडून काम भागवणे म्हणजे शब्द सापडला नसल्याची कबुलीच होय. ‘बुवाबाजी’ पुष्कळ जवळचा आहे. दगाबाजीतला फारसी ‘बाजी’ येथेही आहे आणि त्याचा मूळ अर्थ खेळ असा असल्याने बुवाचा खेळ त्यातून नेमका कळतो. मात्र त्या खेळात सापडलेल्या माणसांचे काय होते, हे त्या शब्दातून कळत नाही.

माझ्या मते नामापेक्षा क्रियापदांकडे पाहावे. ‘नादी लागणे’, ‘भजनी लागणे’, ‘कच्छपी लागणे’ या सर्व प्रयोगांत कर्ता अनुयायी असतो, त्यामुळे दोषही आपोआप त्याच्याच पदरात पडतो. लहानपणी आमच्या आळीतल्या एका घराविषयी ‘ती मंडळी बुवाच्या भजनी लागली’ एवढेच बोलले जाई. बुवाने काय केले, हे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. ‘भुरळ घालणे’, ‘मोहिनी घालणे’, ‘गंडा घालणे’ यांत कर्ता बदलतो खरा, पण या क्रिया एका क्षणात उरकणाऱ्या वाटतात. वर्षानुवर्षे चालणारा ताबा सांगायचा असेल, तर ‘मुठीत ठेवणे’, ‘धाकात ठेवणे’ किंवा ‘दावणीला बांधणे’ यांच्याकडेच यावे लागते.

अमेरिकी धर्मोपदेशक जिम जोन्स याच्या ‘पीपल्स टेंपल’ या संस्थेचे उदाहरण घेतले, तर हा फरक स्पष्ट होतो. १९५०च्या दशकात इंडियानापोलिस येथे सुरू झालेल्या या चर्चमध्ये गोरे आणि कृष्णवर्णीय एकाच बाकावर बसत, आणि त्या काळच्या अमेरिकेत हे आकर्षण खोटे नव्हते. माणसे वंशसमतेसाठी आली होती, म्हणून त्यांना ‘नादी लागलेली’ म्हणणे अन्यायाचे आहे. भुरळ होती ती रोग बरे करण्याच्या प्रयोगांत: कोंबडीच्या आतड्याचे तुकडे दाखवून ‘हा पाहा बाहेर पडलेला कर्करोग’ असे सांगितले जाई. ‘मुठीत ठेवण्या’ची रीत याहून निराळी होती. मिळकत आणि घरे संस्थेच्या नावावर गेली, कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या गेल्या, आणि पुढे दक्षिण अमेरिकेतील गयाना देशाच्या जंगलात संस्थेने वसवलेल्या जोन्सटाउनमध्ये पारपत्रे काढून घेतली गेली. पत्रे तपासली जात, घरची माणसेच एकमेकांच्या चुगल्या करत, आणि शेतात राबणाऱ्यांच्या कानांवर ध्वनिवर्धकातून सतत जोन्सचाच आवाज आदळत असे. त्याला सगळे ‘डॅड’ म्हणत. जो निघून जाई तो घर सोडून गेलेला नव्हे, तर गद्दार ठरे.

प्रतिसाद: क्रियापदांचा मुद्दा मान्य आहे. तथापि सरतेशेवटी त्या लोकांनी ‘सामूहिक आत्महत्या’ केली, आणि या शब्दप्रयोगात कर्ते तेच आहेत. मग सर्व दोष ‘ठेवणाऱ्या’वर कसा टाकता येईल?

उत्तर: तो शब्दप्रयोग बव्हंशी जोन्सच्याच बाजूचा आहे, ही माझी हरकत. ‘क्रांतिकारी आत्महत्या’ ही संज्ञा अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षाचे नेते ह्युई न्यूटन यांची. मरणाचा धोका पत्करूनही अन्यायी व्यवस्थेशी लढत राहावे, असा तिचा अर्थ होता. जोन्सने ती उचलली आणि तिचा अर्थ विष पिण्यापर्यंत आणून ठेवला. चीनमधील सक्तीच्या विचारपरिवर्तनाचा अभ्यास करणारे मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट जे. लिफ्टन यांनी १९६१ मध्येच दाखवून दिले होते, की ठरावीक घोषवाक्ये तोंडी बसवली की विचार तिथेच थांबतो.

शिवाय त्या कृतीची रंगीत तालीम आधीच झालेली होती. ‘व्हाइट नाइट’ नावाच्या रात्री सर्वांना जमवून एक पेय पाजले जाई, ते विष असल्याचे सांगितले जाई, आणि नंतर ‘ही केवळ निष्ठेची परीक्षा होती’ असा खुलासा होई. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी, जोन्सटाउनच्या पाहणीला आलेले अमेरिकी काँग्रेसचे सदस्य लिओ रायन यांच्यासोबत वसतीतले काही जण परत निघाले असता धावपट्टीवर गोळीबार होऊन रायन यांच्यासह पाच जण मारले गेले. त्यानंतर वसतीत सायनाइड मिसळलेले पेय आणले गेले, तेव्हा भोवती सशस्त्र पहारा होता. त्या दिवशी एकूण ९१८ माणसे मेली. प्रौढांपैकी किती जण स्वेच्छेने प्याले, यावर वाद घालता येईल. परंतु विष प्रथम मुलांना दिले गेले, तान्ह्यांच्या तोंडात ते पिचकारीने सोडले गेले, आणि मृतांत सुमारे ३०० मुले होती. त्यांच्यासाठी ‘आत्महत्या केली’ हे क्रियापद मराठीत चालत नाही. ‘त्यांना मारले’ असेच लिहावे लागते.