मदत हवी आहे : शाळकरी मुलांना अन्नस्वच्छता पटवून द्यावी कशी?

नमस्कार. मी तालुक्याच्या गावी एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. नववी-दहावीच्या मुलांसाठी अन्नसुरक्षेवर एक छोटा उपक्रम घ्यायचा आहे आणि त्यासाठी येथील शिक्षक, डॉक्टर व आहारतज्ज्ञ यांचे मार्गदर्शन हवे आहे.

अडचण माहितीची नाही. दूषित अन्नपाण्यातून कॉलरा, विषमज्वर आणि कावीळ पसरते, हे मुले उत्तरपत्रिकेत बिनचूक लिहितात आणि मधल्या सुट्टीत हात न धुताच डबे उघडतात. हटकले, तर "सर, आम्हाला काही होत नाही" हे उत्तर ठरलेले. त्यांच्या अनुभवापुरते ते खरेही असते, कारण हिपॅटायटिस ए या प्रकारच्या काविळीची लक्षणे दिसायला साधारणपणे दोन ते सात आठवडे लागतात. तोपर्यंत काय आणि कुठे खाल्ले होते हे कुणाच्या ध्यानात राहणार?

दुसरा समज मला अधिक चिवट वाटतो, तो म्हणजे बाहेरचे तेवढे वाईट आणि घरचे सगळे चांगले. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी दिली की सारे जंतू मेले, अशी मुलांची (आणि बहुतेक पालकांचीही) खात्री असते. प्रत्यक्षात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू (म्हणजे कठीण कवचातली सुप्त रूपे) भात शिजतानाही टिकतात, उबदार हवेत वाढू लागतात, आणि त्यांनी तयार केलेले उलटी आणणारे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. भाताला वास येत नसला, तरी तो सुरक्षित असतोच असे नाही. गोळेवाल्याकडच्या बर्फाविषयी याच्या उलट समज आहे : थंडीने जंतू मरतात! न खाण्याजोग्या बर्फात निळा रंग मिसळण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे, हे वर्गात कुणालाच ठाऊक नव्हते.

आता प्रश्नाकडे वळतो. हात धुण्याचे प्रात्यक्षिक हातावर जंतूंच्या जागी तेलात कालवलेली हळद लावून करावे असा विचार होता, परंतु साबणाच्या अल्कधर्मी पाण्यात हळद लाल होते आणि मुलांचे सारे लक्ष त्या रंगबदलाकडेच जाते. तिच्याऐवजी स्वस्त आणि त्वचेला अपाय न करणारे काय वापरता येईल? हातांचे ठसे आगारच्या (जंतू वाढवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जेलीसारख्या पदार्थाच्या) बशीत घेऊन जंतूंच्या वसाहती दाखवणे परिणामकारक ठरेल, पण बशीत नेमके कोणते जंतू वाढतील हे सांगता येत नाही आणि आमच्याकडे ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र) नाही. बशा शेवटपर्यंत चिकटपट्टीने बंद ठेवल्या, तरी नंतर त्यांचे निर्जंतुकीकरण आणि विल्हेवाट शाळेच्या पातळीवर सुरक्षितपणे कशी करावी, की हा प्रयोग टाळणेच योग्य?

आणखी एक नाजूक बाब आहे. वर्गातील काही मुलांच्या घरी वडापावची किंवा भेळेची गाडी आहे. 'बाहेरचे खाऊ नका' असे सरसकट सांगितले, तर त्या मुलांना मान खाली घालावी लागेल, आणि ते मला मुळीच नको आहे. उलट गाडीवरचे पाणी, फडके आणि पैसे हाताळणारा हात यांविषयी त्यांनाच बोलते करता आले तर बरे होईल. असा प्रयत्न कुणी केला असल्यास सुरुवात कशी केली आणि पालकांना केव्हा सामील करून घेतले, हे कृपया सविस्तर लिहावे. तासिका पस्तीस मिनिटांची आहे आणि खर्चाला फारसा वाव नाही, हे लक्षात घेऊन सुचवावे.